आम्ही, आपण आणि वी

या कथांचं पहिलं जाहीर प्रकाशन २००१ साली पुण्यातल्या एका सरकारी कचेरीच्या भिंतीवर झालं. १९५४च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी लावली जाते. जाळीचं दार असलेल्या फळ्यावर आमचा कागद तिसऱ्या रांगेत होता. नाव, वय, व्यवसाय, सध्याचा पत्ता, कायमचा पत्ता. माझा कायमचा पत्ता रत्नागिरी जिल्हा, त्याचा कोट्टयम जिल्हा, केरळ. त्याच्या घराण्याच्या लांबलचक नावातलं एक अक्षर टंकताना गळलं होतं, त्यामुळे त्या फळ्यावर माझ्या शेजारी उभा होता तो जरासा निराळाच माणूस. त्याला राग आला. मला मात्र हायसं वाटलं. कुणाला हरकत घ्यायचीच असेल तर त्या निराळ्या माणसावर घ्यावी.

हरकत कुणी घेतली नाही. वडिलांच्या एका मित्राच्या नजरेला तो कागद पडला आणि संध्याकाळच्या आत रत्नागिरीला फोन गेला, एवढंच. पण पुढे कथा लिहायला बसले तेव्हा ते गळलेलं अक्षर मला फार उपयोगी पडलं. या पुस्तकातल्या नऊ कथांत सहा नवरे आहेत आणि त्यांतला एकही पुरता माझा नवरा नाही. प्रत्येकातलं एखादं अक्षर गाळलेलं आहे. घरात शांतता राहावी म्हणून तर ते केलंच, पण तेवढ्यासाठी नाही. आपला नवरा जसाच्या तसा कथेत आला की तो तिथेही पेपर वाचत बसतो. त्याच्याविषयी जे ठाऊक आहे ते सगळं आपण लिहून टाकतो, आणि जे ठाऊक नाही, ज्याच्यासाठी लिहायला बसलो, ते बाहेरच राहतं.

हे मी आपल्या आपण शिकले असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे ते रूथ प्रवर झाबवाला वाचताना ध्यानात आलं. जर्मनीत कोलोन शहरात १९२७ साली ज्यू कुटुंबात जन्म, १९३९ साली जीव वाचवून इंग्लंडात, १९५१ साली सायरस झाबवाला या पारशी वास्तुविशारदाशी लग्न आणि थेट दिल्ली. म्हणजे तिच्या संसारात ज्यू, जर्मन, इंग्रजी, पारशी असा सगळा ऐवज हाताशी होता. आणि बाईनं लिहिलं काय? पहिल्या कादंबऱ्यांत दिल्लीतली पंजाबी हिंदू एकत्र कुटुंबं. लग्नं जुळवणाऱ्या मावश्या, कंत्राटदार बाप, 'द हाउसहोल्डर'मधला पगार वाढवून मागायला घाबरणारा हिंदीचा मास्तर. ज्या पारशी घरात ती सून होती त्या घराला तिनं शेजारी ठेवून रस्त्यापलीकडचं घर रंगवलं. परकी बायको आणि देशी नवरा ही तिची स्वतःची जोडी, तर १९५८च्या 'एझमंड इन इंडिया'त तिनं ती उलटी करून टाकली. तिथे नवरा इंग्रज, बायको भारतीय, आणि नवऱ्याला त्या बायकोच्या लोळण्याचा, खाण्याचा, तिच्या घरच्या वासाचासुद्धा तिटकारा. हा तिटकारा लेखिकेनं कुठून आणला असेल? सुखानं नांदणाऱ्या बाईला, तीन मुलींच्या आईला, आपल्या मनातला परकेपणाचा हा जहरी थेंब कुणाच्या तरी तोंडात घालायचा होता. तिनं तो एका नावडत्या पुरुषाच्या तोंडात घातला. मला ही चोरी फार आवडली. १९७५ साली 'हीट अँड डस्ट'ला बुकर मिळालं आणि त्याच वर्षी तिनं दिल्ली सोडून न्यूयॉर्क गाठलं. चोवीस वर्षं राहून गेलेल्या बाईविषयी आपल्याकडे पुष्कळ नाराजी होती. ती भारताकडे वरून पाहते, असं म्हणत. पाहत असेलही. पण सुनेच्या जागेवरून घर जसं दिसतं तसं लेकीच्या जागेवरून कधी दिसत नाही, हे मराठी बायकांना निराळं सांगायला नको.

मराठीत या वाटेवर आधी पाऊल टाकलं ते गौरी देशपांडे यांनी. त्यांचा तेरुओ जपानी आहे, आणि 'तेरुओ आणि काही दूरपर्यंत' आलं १९८५ साली, तेव्हा मी शाळेत होते. कॉलेजात असताना वाचलं. परक्या पुरुषाला मराठी वाक्यात कसं बसवायचं, म्हणजे त्याला बावळट न करता आणि देवही न करता, हे मला तिथे प्रथम दिसलं.

आता माझ्या दोन गावांविषयी. 'आंतरप्रांतीय लग्न' म्हटलं की वाचकाला दोन टोकं हवी असतात. एकीकडे बर्फ, दुसरीकडे वाळवंट. माझी अडचण उलटी होती. रत्नागिरीहून नेत्रावती एक्स्प्रेसनं निघायचं, दुसऱ्या दिवशी एर्नाकुलमला उतरून पुढे कोट्टयमकडे जायचं, आणि खिडकीबाहेर बघावं तर काहीच बदललेलं नाही. तीच माडांची झाडं, तोच फणस, तोच भिंतींवर चढणारा शेवाळी पाऊस. घरंसुद्धा त्याच तांबड्या जांभ्या दगडाची. या दगडाला लॅटेराइट हे नाव फ्रान्सिस बुकाननने १८०७ साली दिलं ते केरळातल्या अंगाडिपुरमचा दगड पाहून, आणि आमच्या रत्नागिरीत त्याच दगडाच्या खाणी आहेत. सासरी पहिल्यांदा गेले तेव्हा कंपाउंडच्या गडग्यावर हात ठेवला आणि मला वाटलं, आलो की घरी.

मग जेवायला बसले. तेल खोबऱ्याचं होतं. आमच्याकडे खोबऱ्याच्या घाण्यावर कितीही प्रेम असलं तरी ते तेल डोक्याला लावायचं. पहिल्या घासाला मला माझ्या आजीच्या वेणीचा वास आला. आणि वर ते माशाचं लालभडक कालवण, ज्यात नारळाचा कीससुद्धा नाही! नारळाच्या राज्यात नारळाशिवायचं कालवण करणारी माणसं मला तेव्हा उधळी वाटली की कंजूष, आता आठवत नाही. त्यात आंबट म्हणून घालतात ती कुडमपुळी. धुरावर वाळवलेली, काळीकुट्ट, चामड्यासारखी. आमचं कोकम आणि ही कुडमपुळी वनस्पतिशास्त्राच्या हिशोबानं चुलत बहिणी, दोघी गार्सिनिया. हे कळल्यावर मी अर्थातच एक कथा लिहिली. सून रत्नागिरीहून आमसुलं नेते, सासूच्या मातीच्या चट्टीत टाकते, सासू चाखते, दोघी एकमेकींकडे बघतात. तीनदा लिहिली, तीनदा फाडली. छान होती. दिवाळी अंकात सहज खपली असती. पण खोटी होती, कारण प्रत्यक्षात मी आमसुलं टाकली त्या दिवशी अम्मच्चींनी (सासूबाईंना घरात सगळे अम्मच्ची म्हणत) काहीच म्हटलं नव्हतं. जेवल्या. भांडं झाकून ठेवलं. त्यांच्याकडे हे कालवण दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं म्हणून राखून ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर त्या माझी आमसुलं एकेक करून वेचून बशीत काढत होत्या आणि बाजूला कुडमपुळीचे तुकडे पाण्यात भिजत होते. मला पाहून त्या ओशाळल्या नाहीत. हसल्या आणि म्हणाल्या, "मोळे, वा." मुली, ये. मराठी कानाला 'वा' म्हणजे शाबासकी. ती वेचलेली आमसुलं, ते हसू आणि ते 'वा' एवढंच या संग्रहातल्या दुसऱ्या कथेत उरलं आहे. मिलाफ बिलाफ काही झाला नाही. बरं झालं, नाही झाला.

भाषेनं मला याहून जास्त छळलं. पहिल्या जेवणात अम्मच्ची पातेलं घेऊन पंक्तीतून फिरत प्रत्येकाला विचारत होत्या, "चोऱ् वेणो?" भात हवा का? आणि लोक म्हणत होते, "वेण्डा." नको. मला ऐकू येत होतं चोर आणि वेडा. नवीन सून घरात आली आहे आणि घरचे लोक चोर-वेडा करताहेत. ही गंमत लिहिताना हात सुटतो. पण जपून. मराठी नाटक-सिनेमात दक्षिणी माणूस आला की तो यंडुगुंडू बोलतो आणि प्रेक्षक हसतात. साठीच्या दशकात मुंबईत दक्षिणी लोकांविरुद्ध लुंगी-पुंगीच्या घोषणा झाल्या तेव्हा माझे एक काका दादरला होते. ते पुढे माझ्या लग्नाला आले, जेवले, आहेरही चांगला केला, पण नवऱ्याशी बोलताना 'अण्णा' म्हटल्यावाचून त्यांना राहवलं नाही. मल्याळी माणसाला अण्णा कशाला म्हणायचं, ते तर तमिळ-तेलुगू, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. तेव्हापासून ठरवलं, की या पुस्तकात मल्याळी माणूस बोलेल तो शुद्ध मराठीत. तो इंग्रजीत बोलत असो, मल्याळममध्ये बोलत असो, कागदावर त्याचं मराठी माझ्याइतकंच चोख राहील. जिथे मोडकंतोडकं बोलायचं आहे तिथे मराठी बाई मोडकंतोडकं मल्याळम बोलते. हसायचं असेल तर तिला हसा.

आणि इथेच एक गाठ पडली, जी सोडवता सोडवता हे पुस्तक झालं.

आमचा संसार इंग्रजीत चालतो. प्रेम इंग्रजीत जमलं, भांडणं इंग्रजीत होतात, भाजी काय आणायची तेही. त्याला मराठी बाजारापुरतं येतं, मला मल्याळम जेवणाच्या पानापुरतं. इंग्रजीत 'वी' म्हटलं की भागतं. कथा मराठीत लिहायला बसले आणि पहिल्याच पानावर नवरा बायकोला म्हणाला, "वी आर गोइंग होम इन मे." आता हे मराठीत काय लिहू? 'आपण मे महिन्यात घरी जाणार आहोत' की 'आम्ही मे महिन्यात घरी जाणार आहोत'? एकात ती आहे, दुसऱ्यात ती नाही. इंग्रजीला हा प्रश्नच पडत नाही, हिंदीच्या 'हम'लाही नाही. गुजरातीला पडतो, आणि मराठीत तर 'आम्ही' आणि 'आपण' यांतलं अंतर न कळणारं मूलसुद्धा नसेल. भाषेचे अभ्यासक म्हणतात, ही देणगी आपल्याला द्राविडी शेजारानं दिली असावी. नवऱ्याला मी हा घोटाळा सांगितला तर तो म्हणाला, आमच्याकडेही आहे की. ऐकणाऱ्याला धरून असेल तर नम्मळ, वगळून असेल तर ञङ्ङळ. पहिलीत वर्णमाला घोकताना मला कायम वाटायचं की ङ आणि ञ ही अक्षरं केवळ मुलांना छळायला ठेवली आहेत, कारण उभ्या जन्मात एकटं 'ङ' लिहायची वेळ आली नव्हती. ती दोघं मला एकाच शब्दात भेटली, आणि शब्दही कुठला, तर मला वगळणारा.

म्हणजे बघा, दोघांच्याही आईच्या भाषेत ही सोय होती. रत्नागिरीत होती, कोट्टयमात होती. आणि आम्ही दोघांनी मिळून संसारासाठी नेमकी अशी भाषा निवडली, जिच्यात ती नाही. ती निवड वाईट होती असं मी म्हणणार नाही. वीस वर्षांत 'वी'नं किती भांडणं टाळली याचा हिशोब नाही. तो "वी डोन्ट डू दॅट" म्हणायचा आणि मी सोयीप्रमाणे अर्थ घ्यायची. कधी मी त्या 'वी'त असायची, कधी नसायची. कथेत ही सोय उरली नाही. प्रत्येक संवादाला कागदावर थांबून विचारावं लागलं, इथे ती आत आहे की बाहेर?

तोच प्रकार 'यू'चा. माझी आई बाबांना 'अहो' म्हणते. कोट्टयमकडच्या ख्रिश्चन घरांत बायको नवऱ्याला इच्चायन म्हणते, त्यातही थोरल्या भावाचा मान आहे. मी नवऱ्याला इंग्रजीत 'यू' म्हणते, म्हणजे काहीच म्हणत नाही. मराठी कथेत माझ्या नायिका 'अरे' म्हणणार की 'अहो'? मी ठरवलं, 'अरे'. मग सातव्या कथेतली नायिका, एका बँकेतली अधिकारी, तापात बडबडताना एकदम 'अहो' म्हणाली. मी खोडलं. दुसऱ्या दिवशी परत लिहिलं. ते राहू दिलं आहे. ती असं का म्हणाली, ते मला नीटसं सांगता येणार नाही.

लोक विचारतात, घरच्यांना वाचून वाईट नाही का वाटणार? सासरचं कुणी मराठी वाचत नाही. कधी कधी वाटतं, ही माझी मोठी सवलत आहे, आणि कधी वाटतं, हा भ्याडपणा आहे. ज्यांच्या घरात बसून खाल्लं, ज्यांच्या पडवीत ऐकलं, त्यांना कळणार नाही अशा लिपीत त्यांच्याविषयी लिहिणं म्हणजे पाठीमागे बोलण्याचाच प्रकार. म्हणून मी एक नियम पाळला. जे अम्मच्चींना तोंडावर वाचून दाखवता येणार नाही ते छापायचं नाही. आमसुलांची कथा मी त्यांना, त्या होत्या तेव्हा, नवऱ्याला दुभाषी करून ऐकवली. त्यांची हरकत एकच होती, चट्टीत मासा कुठला ते मी लिहिलं नव्हतं. रत्नागिरीची बाजू मात्र सगळं वाचते, ओळीवर बोट ठेवून वाचते. एका आत्येनं तर जी माझ्या डोक्यातही नव्हती त्या पात्रात स्वतःला ओळखलं आणि सहा महिने अबोला धरला.

शेवटच्या कथेबद्दल थोडं सांगून थांबते. कोट्टयम म्हटलं की वाचकाला शेजारचं अयमनम आणि 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज' आठवणार. आठवू द्या. मला मात्र तिथलं आठवतं ते त्या कादंबरीच्या लेखिकेच्या आईचं, मेरी रॉय यांचं, कज्ज्याचं प्रकरण. १९१६च्या त्रावणकोर ख्रिश्चन वारसा कायद्यात, बापानं मृत्युपत्र केलं नसेल तर मुलीला मुलाच्या वाट्याच्या चौथाई किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते मिळे. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयानं ते मोडीत काढलं. कायदा बदलला तरी जेवणाच्या टेबलावर भाऊ 'आपण' म्हणतात तेव्हा बहीण त्यात धरलेली असते का, हे टेबलावरच कळतं.

कथा अशी: आई गेल्यावर भावंडं जुनं घर विकायला काढतात. नवरा स्वयंपाकघरात येतो आणि बायकोला म्हणतो, "वी आर सेलिंग द हाउस." हे वाक्य खरं आहे. मी ऐकलेलं आहे. ऐकलं तेव्हा मी कांदा चिरत होते आणि "ओके" म्हणाले. तो 'वी' म्हणजे दोघे भाऊ, की बहीण धरून तिघं, की मीही, हे मी विचारलं नाही. मला सुचलंच नाही. चार वर्षांनी मराठीत ते वाक्य लिहायला पेन टेकवलं आणि 'आम्ही घर विकतोय' असं उमटलं. मी बराच वेळ त्या 'आम्ही'कडे बघत राहिले. मग 'आपण' करून पाहिलं. 'आपण' केलं की कथा तिथेच संपत होती, बायको पुन्हा कांदा चिरायला लागत होती. 'आम्ही' ठेवलं तर तिला काहीतरी करणं भाग होतं. तिनं पुढे जे केलं ते मी केलेलं नाही.

छापायला देण्याआधी नवऱ्याला सगळ्या कथा वाचून दाखवल्या, म्हणजे मराठीतून इंग्रजीत तोंडी उलगडत. या वाक्याशी आले तेव्हा जीभ अडली. इंग्रजीत ते पुन्हा 'वी' झालं, सगळी धार गेली. तेव्हा मी प्रथमच त्याला त्याच्या भाषेत विचारलं, "ञङ्ङळो, नम्मळो?" उच्चार बहुधा चुकला. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तेव्हा माझ्या हातात फोन होता का?" त्यानं विचारलं. "भाऊ लाइनवर होता का?"

मला आठवेना. कथेत फोन नाही.